राहिलेल्या बैठका

आमच्या सौमित्रच्या मानेवर मागच्या बाजूला एक काळा पट्टा होता आणि तो मळ आहे याबद्दल आमच्या सगळ्या कॉलनीत एकमत होतं. आमच्या कॉलनीत एकमत होणं ही साधी गोष्ट नाही. पाण्याच्या टाकीला निळा रंग द्यायचा की पिवळा, यावर तीन वर्षं सभा चालू होत्या आणि टाकी तशीच गंजत उभी होती. मळावर मात्र दुमत नव्हतं. माझी बायको अनसूया रोज सकाळी आधी बेसन, मग लिंबू आणि शेवटी वजरी घेऊन त्या मानेवर तुटून पडायची. पोरगं बोंबलायचं, पण पट्टा काही हलायचा नाही. धुण्याभांड्याला येणारी साळूबाई न्हाणीघराच्या दारात उभी राहून सांगायची, "वैनी, आता थांबा. न्हाईतर कातडं हातात यील."

सौमित्र तेव्हा आठवीत होता. वय तेरा, वजन एकाहत्तर किलो. हे वजन जास्त आहे असं आम्हाला वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे अशा मुलाला जाड म्हणत नाहीत, खात्यापित्या घरचा म्हणतात. त्याचे कपडे आम्ही नेहमी वाढत्या अंगाचे शिवायचो. मापापेक्षा चार बोटं जास्त. अंग वाढायचंही, पण उंचीच्या दिशेने वाढायचं त्याच्या लक्षात राहायचं नाही. दिवाळीत शिवलेली चड्डी संक्रांतीला घट्ट व्हायची आणि अनसूया शेजारणींना सांगायची, "काय करायचं बाई, वाढतं वय आहे."

शहाण्णव सालच्या जानेवारीत शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि सौमित्र एक चिठ्ठी घेऊन घरी आला. 'विद्यार्थी स्थूल. तज्ज्ञांस दाखवावे. पालकांची सही.' मी सांगलीत पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. बावीस वर्षांच्या नोकरीत शेरा मारल्याशिवाय मी कशावरही सही केलेली नाही. मी लिहिलं, 'अमान्य. विद्यार्थ्याची हाडे जाड आहेत.' दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत आली. माझ्या शेऱ्याखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'हाडांचे वजन वजा जाता उरलेले तज्ज्ञांस दाखवावे.' माझ्या शेऱ्यावर शेरा मारणारा माणूस मला बावीस वर्षांत प्रथमच भेटला. मी निमूटपणे डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉ. श्रद्धा केळकर मुंबईहून शिकून नुकत्याच सांगलीत आल्या होत्या. वयाने माझ्या धाकट्या मेव्हणीएवढ्या. त्यांनी वजन केलं, टेपने पोट मोजलं, रक्तदाब घेतला, रक्त तपासायला पाठवलं आणि चार दिवसांनी रिपोर्ट पुढ्यात घेऊन आम्हाला बोलावलं.

"याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात," त्या म्हणाल्या. "पोटाचा घेर, रक्तातली चरबी, रक्तदाब आणि साखर. एकेकटं बघितलं तर यातलं कुणीच फार मोठं नाही. पण चौघं एकत्र आलेत आणि सौमित्रच्या अंगात सरकार चालवतायत."

ते दिवसच युतीचे होते, त्यामुळे मला मुद्दा पटकन कळला. मी विचारलं, "पण ही मानेची घाण वेगळी ना?"

"ती घाण नाहीच. शरीरात साखरेचा कारभार बिघडला की मानेची कातडी अशी काळी, जाडसर होते. कितीही घासा, जायची नाही."

अनसूया एकदम रडायला लागली. "वर्षभर मी त्याची मान सोलून काढली हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सौमित्रने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे आता वजरी बंद?" एवढ्या मोठ्या निदानातून त्याने आपल्यापुरतं बरोबर उचललं होतं.

"साखर अजून उंबरठ्यावर आहे, आत आलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तीन महिने देते. खाणं ताळ्यावर आणा, रोज अंगातून घाम निघू द्या. फरक पडला नाही तर गोळ्यांचा विचार करावा लागेल."

बाहेर आल्यावर मला स्कूटरला किक मारता येईना. माझ्या वडिलांना, अण्णांना, साखर होती. पंचावन्नाव्या वर्षी निघाली आणि पासष्टाव्या वर्षी डोळे घेऊन गेली. शेवटची चार वर्षं त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी खोलीत गेलो की ते मान वळवून विचारायचे, "सुमंता, तूच ना रे?" आणि मी बोलेपर्यंत त्यांचा चेहरा तसाच थांबलेला असायचा. अण्णा निदान पंचावन्न वर्षांचे होते. माझं पोरगं तेरा वर्षांचं होतं. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला वरिष्ठ लिपिक काय करतो, तर अर्ज करतो.

शाळेत दोन वर्षांपूर्वी सौमित्रला कवायतीतून सूट मिळालेली होती, कारण त्याला धावताना धाप लागते असा अर्ज मीच केला होता. आता मी सूट रद्द करण्याचा अर्ज घेऊन गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, सूट देण्याचा नमुना आहे, सूट काढून घेण्याचा नमुना नाही. मी म्हटलं, साध्या कागदावर घ्या. ते म्हणाले, मग सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा की मुलगा पूर्ण निरोगी आहे. मी म्हटलं, निरोगी नाही म्हणूनच व्यायाम हवाय. ते म्हणाले, निरोगी नसेल तर त्याला कवायतीतून सूट आहेच. खरं सांगतो, मला त्या उत्तराचा राग आला नाही. इतकं बिनतोड काम मी माझ्या खात्यातही क्वचितच बघितलं होतं.

एव्हाना बातमी कॉलनीभर झाली होती आणि सल्ले यायला लागले होते. कोणी कारल्याचा रस सांगितला, कोणी सकाळी उलटं चालायला सांगितलं. साळूबाईचा तर साऱ्या प्रकारालाच विरोध होता. "आवं, लेकरू कसं भरल्यालं हाय. लोकं वाळल्यालं पोर घिऊन डागदराकडं जात्यात, आन् तुमी भरल्यालं घिऊन वाळवाय निघालाय," असं म्हणून ती अनसूयाचा डोळा चुकवून सौमित्रच्या हातात शेंगदाण्याचा लाडू द्यायची.

शेवटी शेजारचे हंबीरराव आले. हे मूळचे आष्ट्याचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या कॉलनीत तेवढा एकच माणूस ताठ चालायचा. ते म्हणाले, "साहेब, रस-बिस सोडा. पोरगं तालमीत घाला. आकाराम वस्ताद माझ्या वळखीचा हाय. तीन म्हैन्यांत एकदम फिट."

मला पटलं. घाम तर निघणार होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही तालमीत गेलो. आकाराम वस्ताद म्हणजे साठीचा, दाराएवढा माणूस. सात-आठ पैलवान त्याच्याभोवती उभे होते. त्याने सौमित्रला पुढं ओढलं, दंड दाबले, मांडी थापटली, पाठीवर गुद्दा मारला. बैलबाजारात खोंड बघतात तसं सारं झालं. मग त्याचा चेहरा उजळला.

"ल्येका, कुठं हुतास इतकी वर्सं?" तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला, "बोला साहेब, काय करायचं पोराचं?"

इथे माझी चूक झाली. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या खिशात होती. ती काढून 'मुलाला आजार आहे' असं सांगायचं होतं. पण हंबीररावांनी मला 'मोठे साहेब' म्हणून ओळख करून दिली होती, पैलवान अदबीने ऐकत होते, आणि साऱ्या आयुष्यात माझ्या मुलाकडे असं कौतुकाने कुणी बघितलं नव्हतं. मी छाती काढून म्हणालो, "काही नाही वस्ताद, पोराला जरा तयार करा." चिठ्ठी खिशातच राहिली.

पुढचा महिना आमच्या घरात आनंदाचा गेला. सौमित्र पहाटे उठून तालमीत जायचा आणि घामाघूम होऊन यायचा. अनसूयाने त्याला एक ज्वारीची भाकरी, मेथीची बिनतेलाची भाजी आणि पातळ ताक सुरू केलं होतं. पोरगं एका शब्दाने तक्रार करत नव्हतं. आम्हाला भरून यायचं. "किती समजूतदार आहे हो," अनसूया म्हणायची. आम्ही दोघं रात्री त्याचा त्याग आठवून चोरून फरसाण खायचो.

महिन्याने मी त्याला स्टँडवरच्या वजनकाट्यावर नेलं. नाणं टाकलं, दिवे लुकलुकले, तिकीट बाहेर आलं. पंचाहत्तर किलो. मागच्या बाजूला भविष्य छापलेलं होतं, 'आपली सर्वांगीण प्रगती होत आहे.' मला काट्याचा संशय आला. मी स्वतः उभा राहिलो. त्र्याण्णव किलो. माझी खात्री झाली की काटा बिघडलेला आहे, आणि मी तिथल्या तिथे डेपोच्या तक्रारवहीत सविस्तर तक्रार नोंदवली.

सौमित्रने तक्रार लिहून होऊ दिली आणि मगच सांगितलं. व्यायामानंतर वस्ताद त्याला खुराक द्यायचे. दीड लिटर म्हशीचं दूध, पन्नास बदामांची थंडाई, अर्धा डझन केळी आणि वाटीभर तूप. "घरी भाकरी कशी जायची मला? पण आई रडेल म्हणून खायचो," तो म्हणाला. हा त्याचा समजूतदारपणा. तालमीत पोरगं तयार करणं म्हणजे आधी त्याला खाऊ घालणं, हे सांगलीत जन्म काढून मला कळायला हवं होतं.

मी तडक तालमीत गेलो. तिथे कुलूप. पोरांनी सांगितलं, वस्ताद जत्रेच्या कुस्त्या ठरवायला गेलेत, रविवारी आष्ट्याच्या पलीकडे मैदान आहे, तुमच्या सौमित्रची जोड लागली आहे. आता नाव जाहीर झालं होतं. हंबीररावांनी कॉलनीत सांगून जीपही ठरवली होती. मी चिठ्ठी खिशात ठेवली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलो. अभिमानाची सीट मागची नसते.

मैदानात दोन-तीन हजार माणूस होतं. हलगी कडकडत होती. कर्ण्यावरून पुकारा झाला, "आकाराम वस्तादाचा पठ्ठ्या, सांगलीचा सौमित्र!" आणि आमचा मुलगा लंगोट लावून लाल मातीत उतरला. समोर विट्याकडचा एक पोरगा. उंचीने सारखा, पण अंग सागवानाचं. सलामी झाली. पोराने झेप घेऊन सौमित्रचा पट काढला, म्हणजे दोन्ही पाय ओढले. सौमित्र पडला तो सरळ त्याच्यावर. खालून पोरगा धडपडला, पण पंचाहत्तर किलो हलेनात. पंचाने शिट्टी मारली. चितपट. चाळीस सेकंदांत आमचा मुलगा काहीही न करता जिंकला होता. हंबीररावांनी फेटा उडवला. मीही उडी मारली, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण सौमित्र उठेना. दोघांनी उचलून त्याला कडेला बसवलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते, छाती वरखाली होत होती आणि डोळे मला शोधत होते. "बाबा, गरगरतंय," तो म्हणाला. तेवढ्यात कमिटीवाले आले आणि त्यांनी इनाम म्हणून दहा किलो गुळाची ढेप त्याच्या मांडीवर ठेवली. त्या ढेपेखाली दबलेलं माझं पोरगं बघितलं आणि माझी सारी अब्रू गळून पडली. मी खिशातून चिठ्ठी काढली आणि तीन हजार माणसांच्या गलक्यात वस्तादाला ओरडून सारं सांगितलं.

वस्तादाने सौमित्रला पाणी पाजलं, सावलीत आडवं केलं, त्याचा श्वास सरळ होईपर्यंत छातीवर हात ठेवून बसला. मग त्याने आपली उजवी वहाण काढली. पायाला तीनच बोटं होती.

"मलाबी साखर हाय," तो म्हणाला. "कुस्ती सुटली, खुराक सुटला न्हाई. दोन बोटं गेली तवा कळलं. साहेब, मला आदी सांगाय नगं व्हय? मी तुमचं पोरगं मारलं आसतं की ओ."

मला तोंड वर करवेना. मी म्हणालो, "लाज वाटली वस्ताद."

"मग आता लाज काढूया," तो म्हणाला. "खुराक बंद. मेहनत चालू. पन आजपास्नं बापबी मातीत यायचा. बाप घरात बसून पोराला वाळवतो म्हनला, तर पोर वाळत न्हाई. रोज पन्नास बैठका पोराच्या, पन्नास बापाच्या. बापाच्या ऱ्हातील त्या पोरानं काढायच्या."

सोमवारी पहाटे मी लंगोट लावला. त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की आमच्या ऑफिसातल्या शिपायाचा भाचा त्याच तालमीत होता आणि साडेदहापर्यंत साऱ्या खात्याला त्याचं वर्णन मिळालेलं होतं. पहिल्या दिवशी माझ्या अकरा बैठका झाल्या. एकोणचाळीस राहिल्या. सौमित्रने आपल्या पन्नास काढल्या, मग दम खात खात, तीन वेळा थांबून, माझ्या काढल्या. मी कडेला बसून मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी माझा गुडघा धरला. तिसऱ्या दिवशी कार्यकारी अभियंता येणार होते. चौथ्या दिवशी कंबर. कारण कोणतंही असो, माझ्या बैठका बारा-तेराच्या पुढे गेल्या नाहीत. आणि मग माझ्या लक्षात आलं की ही व्यवस्था फारच उत्तम आहे. व्यायाम कुणाला हवाय? मुलाला. मग बाप जितका कमी करेल, तितका मुलाचा फायदा. काम खालच्या टेबलाकडे सरकवायचं आणि वर सही आपली ठेवायची, यात माझी बावीस वर्षं गेली होती. तालमीत ती कला अशी सत्कारणी लागेल असं वाटलं नव्हतं. घरी फरसाण चालूच होतं. गुळाची ढेप आम्ही साळूबाईला दिली. "ह्यो खरा उपाय," असं म्हणून तिने ती डोक्यावर घेतली, आणि एक खडा सौमित्रपुढे केला. त्याने "नको मावशी" म्हणून मान हलवली. साळूबाईच्या मते त्या दिवशी पोरगं खरं आजारी पडलं.

एप्रिलअखेरीला आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टेप लावला, रिपोर्ट बघितले, पुन्हा टेप लावला. वजन सदुसष्ट. घेर सात सेंटिमीटर कमी. रक्तदाब ठीक, साखर उंबरठ्यावरून मागे फिरलेली. मानेचा पट्टाही फिकट झाला होता. अनसूयाने त्या मानेवरून नुसता हात फिरवला.

"गोळ्यांची गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कसं जमवलंत हो?"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे डॉक्टर, मुलांच्या बाबतीत पालकांचं नियोजन आणि..."

"बाबांच्या राहिलेल्या बैठका मी काढतो," सौमित्र म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. आधी पोटाकडे, मग गळ्याकडे. "जरा कॉलर खाली करा," त्या म्हणाल्या.

"तो कॉलरचा घासलेला डाग आहे," मी म्हणालो. अनसूया उठून माझ्या मागे आली आणि तिने कॉलर स्वतःच खाली ओढली. वर्षभर तिने एक मान घासली होती, दुसरीकडे बघायचं राहून गेलं होतं. माझं रक्त घेतलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. चौघांचं सरकार माझ्यातही होतं, आणि तेही भक्कम बहुमतात. स्टँडवरचा वजनकाटा बरोबर होता.

रिपोर्ट घेऊन घरी येताना सौमित्र स्कूटरवर मागे बसला होता. पुलावर त्याने विचारलं, "अण्णा आजोबांना शेवटी दिसायचं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.



दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत त्याने दहा बैठका काढल्या आणि जाऊन लाल मातीच्या हौद्याच्या कट्ट्यावर बसला. "वस्ताद, माझ्या पायात चमक आलीय. माझ्या चाळीस राहिल्या."

पोराच्या पायात काही चमकबिमक नव्हती. मी त्याचा बाप आहे, आणि सबबींच्या बाबतीत त्याचा गुरूही आहे.

वस्तादाने मिशीवरून हात फिरवला. "मग बापानं काढायच्या."

"असा नियम नव्हता," मी म्हणालो.

"आता हाय. तुमच्या पन्नास आन् त्येच्या चाळीस. हुंद्या चालू."

मी सुरुवात केली. सौमित्र कट्ट्यावरून मोठ्याने मोजत होता. बाराला माझा नेहमीचा मुक्काम आला. तो म्हणाला, "तेरा." अठराला मांड्या थरथरायला लागल्या. बाविसानंतर मी खाली बसलो तो वर येईना. पैलवान हातातलं काम टाकून बघत होते, ऑफिसात साडेदहाला काय पोचणार हे मला कळत होतं. मी गुडघ्यावर हात टेकून म्हणालो, "सौमित्र, पुरे रे आता. झालं माझं."

"तेवीस," तो म्हणाला. मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "बाबा, तेवीस."

मी वर आलो. घाम आणि माती डोळ्यांत गेली होती, डोळे चरचरत होते. हौदा, वस्ताद, माणसं, समोरचं काहीच दिसत नव्हतं. मी मान आवाजाच्या दिशेने वळवली आणि विचारलं, "कितवी रे?"

"चोवीस," माझं पोरगं म्हणालं, आणि मी खाली बसलो.